आभाळाची मोजणी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा उदगीर तालुका काही जागचा हलला नाही. त्याचे कागद मात्र उस्मानाबादेहून लातूरला यायला निघाले आणि वाटेतच कुठं तरी बरेच दिवस बसून राहिले. त्याचा सगळ्यांत जास्त ताप झाला तो मोजणीदार पंढरी सोनकांबळ्याला. नकाशा सापडला नाही की साहेब म्हणत, नव्यानं मोजून आण. पंढरी सायकलीला मोजणीची साखळी अडकवून निघे.

बहात्तरच्या दुष्काळात मॅट्रिक झालेलं हे पोर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. आकडे लिहिता येतात म्हणून ओव्हरसियरनं मोजणीच्या साखळीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, आणि ते त्यानं पुन्हा सोडलंच नाही. घरात नुसती खाट हलवायची म्हटली तरी तो आधी मापाला दोरी काढायचा. बायको सुमनबाई म्हणायची, ह्यांनी लग्नाआधी माझी उंची कशी मोजली नाही कोण जाणे.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात पुन्हा पाण्याचे हाल झाले. उदगीरजवळच्या एका गावात कोरड्या पडलेल्या तळ्यातला गाळ काढायचं काम निघालं, आणि तळ्याची हद्द ठरवायला पंढरीला धाडलं. सकाळी दहापर्यंत काम झकास चाले. मग भेगाळलेल्या तळावरून झळा उठत आणि पंढरी दुर्बिणीची तिपाई मिटून बाभळीखाली येऊन बसे. तिथं गाळ काढणाऱ्या बाया भाकरी खात असत. त्यांची मुकादम भामाबाई, पन्नाशीची, काटक. शिकल्यासवरल्या माणसानं असं बसून राहावं हे तिला बघवेना. तिनं तसं तोंडावर विचारलं.

पंढरीनं पुन्हा तिपाई उभी केली आणि तिला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. पलीकडच्या काठावर गड्यानं धरलेली मापाची काठी वाहत्या पाण्यातल्या गवतासारखी डुलत होती.

"काठी हालत न्हाई, मावशी. मधली हवा हालून राहिली. असं माप घेतलं तर खोटं येतंय."

मग त्यानं वाचनालयातल्या साप्ताहिकात वाचलेलं सगळं सांगितलं. ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्यांचीही हीच रड आहे. हवेतून बघितलं की तारा थरथरतो. म्हणून युरोपातले लोक हवेच्याही वर एक उपग्रह पाठवणार आहेत आणि तिथून लाखभर तारे मोजणार आहेत. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. भामाबाई हसली नाही. तिनं हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"तू मोजणी शिवेच्या दगडापासनं धरतूस न्हवं?" ती म्हणाली. "मग वर दगड कुठं हाय?"

अकरा वर्षांच्या नोकरीत असा सवाल त्याला कुणी केला नव्हता.

"ठाऊक न्हाई, मावशी. पण इचारून सांगतो."

आठ दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. शेवटी कॉलेजातल्या बसवराज मास्तरांकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं आणि हैदराबादच्या खगोलशास्त्राच्या एका प्राध्यापकांना पाठवलं. प्रश्न भामाबाईचा आहे, हे त्यानं पत्रात आवर्जून घालायला लावलं.

उत्तर यायला दोन महिने लागले. तोवर तळ्याचं काम संपून भामाबाईची टोळी देगलूरच्या रस्त्यावर खडीला गेली होती. रविवारी पंढरी तीस किलोमीटर सायकल हाणत तिथं पोचला. रस्त्याच्या कडेला बसून त्यानं पत्र मराठीत सांगितलं. वर दगड नाही. एका ताऱ्याचं अंतर दुसऱ्यावरून, दुसऱ्याचं तिसऱ्यावरून, असं आभाळभर सगळ्यांना एकमेकांशी बांधून घेतात आणि मग सगळ्यांचा हिशोब एकदम जुळवतात.

भामाबाईनं मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. "आन् समदेच हालून राहिले असले तर?"

पंढरीला हसू फुटलं, कारण पत्रातली पुढची ओळ तीच होती. सगळेच हलतात. पण इतके सावकाश, की तेच तारे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मोजावे लागतात, तेव्हा कोण कुठं चाललाय ते कळतं. मग मात्र म्हातारी खूश झाली. ठेचा-भाकरी खाल्ल्याशिवाय तिनं त्याला उठू दिलं नाही.

उपग्रह एकोणनव्वदच्या पावसाळ्यात वर गेला. पंढरीनं कचेरीत पेढे वाटले. पुढं बातमी आली, त्याचं एक इंजिन पेटलंच नाही, तो ठरल्या जागी पोचला नाही, अर्धवट वाटेवरच घिरट्या घालतोय. पंढरी दोन दिवस कचेरीत गेला नाही. घरातलं माणूस दवाखान्यात असल्यासारखा रेडिओपाशी बसून राहिला. भामाबाई बाजाराला उदगिरात आली होती, ती सुमनबाईचा निरोप ऐकून घरी आली. त्याच्यासमोर बसत म्हणाली,

"डोळे शाबूत हायेत का त्याचे?"

"हायेत."

"मग बघंल की. तुझी सायकल पंक्चर झाली म्हून तू मोजणी सोडून आलास का कधी?"

आणि तसंच झालं. त्या वेड्यावाकड्या वाटेवरून तो तीन वर्षांहून जास्त काळ मोजत राहिला. सत्त्याण्णव साली लाखावर ताऱ्यांची यादी छापून आली. बसवराज मास्तरांनी ती बातमी कापून आणली, आणि पंढरीनं ती कचेरीच्या भिंतीवर, नव्या जिल्ह्याच्या नकाशाशेजारी डकवली. साहेब बदलले, कात्रण कुणी काढलं नाही.

पुढं काही वर्षांनी वाचनात आलं, आता शंभर कोटी तारे मोजणारा दुसरा उपग्रह करायचं ठरलंय. पंढरी सायकलीवरून तडक भामाबाईच्या घरी गेला. तिला कमी ऐकू येत होतं. त्यानं कानाशी तोंड नेऊन दोनदा सांगितलं.

"कवा सोडणार?"

"अजून धा-बारा वर्सं लागतील, मावशी."

तिनं बोटांवर काही तरी हिशोब केला, तो अर्ध्यावरच सोडला, आणि सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. मग पंढरीला जवळ बसवून म्हणाली, "शंभर कोटी एकमेकाला कसे बांधायचे, ते सांग आता. सावकाश सांग."