कॅसेटमध्ये आई वळत नव्हती

माझ्या आईचा चेहरा मी सिनेमात बघितला आहे, बाकी कुठेच नाही. ती गेली तेव्हा मी इतकी लहान होते की आठवण म्हणावी असं काही हाती उरलं नाही. लग्नाचा एकुलता एक फोटो पेणच्या पावसाळी दमटपणाने काचेला चिकटला आणि सोडवताना नेमका तिचाच भाग सोलून निघाला. बाबा तेवढे शाबूत राहिले. शेजारी पांढरा डाग घेऊन ते अजून भिंतीवर उभे आहेत.

सिनेमा जुना, काळापांढरा. त्यातला एक प्रसंग रोह्याला कुंडलिकेच्या काठावर घेतला होता. नायक होडीतून निघून जातो आणि गावातली माणसं काठावर उभी राहून बघतात, एवढाच. ती माणसं खरीच गावातली होती. त्यांत लग्नाआधीची माझी आई होती, डोक्यावर टोपली घेऊन, पाठमोरी. होडी लांब जाते आणि शेवटी ती एकटीच मान वळवून सरळ आपल्याकडे बघते. बाबांनी तरुणपणी पेणच्या टॉकीजमध्ये ही मान वळताना बघितली आणि, त्यांच्याच शब्दांत, कामातून गेले. पुढे रोह्याकडचं स्थळ आलं, ते मुलगी बघायला गेले, आणि चहा घेऊन तीच बाहेर आली. सिनेमात ती माझ्याकडंच बघत होती, असं बाबा सांगायचे, आणि हे ते गमतीने म्हणत नसत.

बाबा गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवायचे. डोळे सगळ्यात शेवटी. त्या वेळी कारखान्यात कोणी बोलायचं नाही, रेडिओ बंद, बाबांच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. त्यांची मूर्ती माणसाकडे बघते अशी ख्याती होती, आणि गौरीचे मुखवटे तर लोक त्यांच्याच हातचे मागून नेत. ती नजर कुठून यायची हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. टॉकीजला तो सिनेमा पुन्हा लागला की बाबा मला घेऊन जायचे. मी आईला भेटायला जायची, ते बहुधा कामाला जायचे.

मग टॉकीजने जुने सिनेमे लावणं सोडलं. नव्वद साल उलटून गेल्यावर कधीतरी त्या सिनेमाची कॅसेट निघाली, वर ठळक अक्षरांत ‘नवी सुधारित आवृत्ती’. एसटी स्टँडजवळच्या व्हिडिओ लायब्ररीत ती आली आणि आमच्या सिनेमावेड्यांना कायमचं काम मिळालं. लायब्ररीच्या बाकावर रोज संध्याकाळी सभा भरायची. निवृत्त मास्तर म्हणायचे, होडीवाल्याच्या गाण्याचं एक कडवं कापलंय आणि नसलेल्या पावसाचा आवाज घातलाय, हा चक्क गुन्हा आहे. लायब्ररीवाला म्हणायचा, चित्र स्वच्छ झालंय ना, मग तुमचं काय गेलं? आमचं काय गेलं ते आम्हाला नंतर कळलं.

एका रविवारी दुपारी बाबांनी व्हीसीआर भाड्याने आणला. काठावरचा प्रसंग आला. तीच होडी, तीच टोपली, तेच ऊन. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून पुढे झुकले. होडी लांब गेली, आई तशीच पाठमोरी राहिली आणि प्रसंग संपला. बाबांनी मागे न्यायला सांगितलं. पुन्हा तसंच. मी कॅसेट मागे नेत राहिले आणि ती वळत नव्हती. कापलेलं असतं तर समजलं असतं. इथे ती होती, जिवंत होती, वाऱ्याने तिचा पदर हलत होता, आणि ती आमच्याकडे बघायला तयार नव्हती.

बाकावर मी विचारलं तेव्हा सगळे छातीठोकपणे म्हणाले, बाई वळायची, हे काय विचारणं झालं. पण कॅसेट घरोघर फिरत गेली आणि माणसांचे शब्द बदलत गेले. आधी एक म्हणाला, वळायची की नाही, नीटसं आठवत नाय. मग लायब्ररीवाला म्हणाला, वळत नव्हतीच. शेवटी खुद्द मास्तर, ज्यांना गाळलेलं कडवं चालीसकट पाठ होतं, मला प्रेमाने समजावू लागले की मुली, आईच्या ओढीने तुला तसं वाटत असेल. माणसं खोटं बोलत नव्हती, हेच भयंकर होतं. त्यांच्या डोक्यातली मान खरोखरच सरळ झाली होती.

टॉकीजचा जुना ऑपरेटर तेवढा बधला नाही. त्याने ती रिळं आपल्या हाताने लावली होती. त्याच्या मते असे प्रसंग दोनदा घेत. आधीच्या वेळी एका बाईने कॅमेऱ्याकडे बघितलं म्हणून पुन्हा घेतला असणार, टॉकीजच्या सिनेमात पहिला लागला आणि कॅसेटवाल्यांनी दुसरा उचलला. पटण्यासारखं होतं. त्या उत्तराने मला धीर यायला हवा होता. पण मला एवढंच कळलं की न वळणारी आईसुद्धा खरीच होती, त्याच दिवसाची, आणि आता तीच तेवढी उरली होती.

गणपतीचे दिवस जवळ आले तसं गिऱ्हाईक कारखान्यात येऊन बघू लागलं. एक म्हातारी म्हणाली, मूर्ती झ्याक हाय, पण आमच्याकडं बघत नाय. मी फळ्यांवरच्या रांगांमधून फिरले. सगळे गणपती, लहान-मोठे, माझ्या कानाजवळून पलीकडे बघत होते. डावीकडे सरकले तरी तेच, उजवीकडे गेले तरी तेच. मालकाने आडून सुचवलं की गौरीचे मुखवटे यंदा शेजारच्या जोहे गावातल्या एका कारागिराकडे द्यावेत. घरी आल्यावर बाबा म्हणाले, “डोळे मिटले का तिची पाठच दिसते. तोंड आठवतच नाय गो.”

माझंही तेच झालं होतं, पण मी ते त्यांना सांगितलं नाही.

रोह्याला आईची एक मैत्रीण होती, तिच्या शेजारघरातली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती शनवार तेल्यांपैकी, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू लोकांपैकी. भाऊ, मुलगे, सगळे इस्रायलला गेलेले. ही मात्र दाराच्या चौकटीवरची त्यांच्या प्रार्थनेची ती तिरकी डबी सांभाळत एकटी राहिली होती. त्या दिवशी नदीवर तीही होती असं बाबांनी कधीतरी सांगितलेलं. मी पॅसेंजर पकडून रोह्याला गेले आणि सरळ विचारलं, आई वळली होती का?

“वळली ना,” मावशी म्हणाली. “कॅमेऱ्याकडं कशाला बघंल ती? मी हाक मारली. आमच्या वडलांनी मला सिनेमात उभं राहू दिलं नाय, म्हणून कॅमेऱ्याच्या मागं रुसून बसलेली. अगो, हिकडं बघ गो, म्हटलं, नि बघितलं तिनं. ते लोक माझ्यावर केवढे वरडले. दुसऱ्या टायमाला मला गप बसवलं. मग कोनासाठी वळंल ती?”

परतीच्या गाडीत नागोठण्यापासून जित्यापर्यंत मी एकच विचार करत होते. वळणारी आई मला परत मिळाली होती, पण ती आपल्याकडेच बघत होती हा बाबांचा विश्वास मात्र हिरावला जाणार होता. आणि विचारांच्या नादात पेण मागे टाकून मी जित्याला येऊन पोचले होते. तिथून मिळेल त्या एसटीने परत आले आणि बाबांना सगळं सांगितलं. ते कुंचला धूत होते. धुतलेला कुंचला त्यांनी पुन्हा धुतला.

“म्हणजे माझ्याकडं नव्हती बघत,” ते म्हणाले.

“नाही,” मी म्हटलं. त्या एका शब्दाचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला कारखान्यात बोलावलं. पाटावर गौरीचा मुखवटा होता. डोळ्यांच्या जागा पांढऱ्या, बुबुळं नव्हती. त्यांनी मला आपल्या पाठीमागे उभं राहायला सांगितलं, जिथे ते कोणालाही उभं राहू देत नसत. मग बारीक कुंचला काळ्या रंगात बुडवला.

“तिनं मारली तशी हाक मार.”

कामगारांचे हात थांबले. मला लाज वाटत होती. कॅमेरा होता त्या जागी बाबा, मावशी बसली होती त्या जागी मी, आणि समोर तो आंधळा चेहरा. मी हाक मारली. “अगो, हिकडं बघ गो.” आवाज माझ्याच घशातून निघाला, पण तो माझा वाटला नाही. बाबांनी श्वास रोखून एक बुबुळ टेकवलं, मग दुसरं, आणि हात मागे घेतला.

मुखवट्याने बाबांच्या खांद्यावरून बघितलं. मी तो चेहरा ओळखला. सिनेमात बघितला होता तसाच, पण सिनेमात मला कधी असं वाटलं नव्हतं की ती मला बघून थांबली आहे.

बाबांनी मागे न वळता विचारलं, “कोनाकडं बघते?”

“माझ्याकडे.”

“मग बरोबर हाय,” ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरा मुखवटा पुढे ओढला. मी पुन्हा हाक मारली.