कमानमामांचा सरळ पाय

दोन्ही पाय वाकडे होते तोवर आपलं सगळं सरळ चाललं होतं, असं कमानमामा स्वतःच सांगत. गुडघे बाहेर फाकलेले, पावलं जवळ. मधून एखादं मांजर शेपटी उभी ठेवून आरामात निघून जाईल एवढी जागा. नाव गल्लीने ठेवलं आणि मामांनी ते इतक्या हौसेने उचललं की दुकानाच्या पाटीवरच रंगवून घेतलं, 'कमान बूट दुरुस्ती'. "लोकं कमान दारात उभारतात, मी बरोबर घेऊन हिंडतो," असं म्हणून ते आधी स्वतःच हसून घेत. समोरच्याला उगाच संकोच नको.

दुकान तीन पायऱ्या चढून. आत एक बसकं स्टूल, भिंतीला लाकडी साचे, आणि चामड्याच्या व गोंदाच्या वासात बसलेले मामा. गिऱ्हाइकाने बूट पुढे केला की मामा तो उलटा करत, डोळे बारीक करत आणि निकाल देत. "टाच बाहेरून झिजलीय. गुडघा बाहेर पडतो तुमचा. पिशवी उजव्या खांद्याला लावता. आणि बसच्या मागे धावता, पण मिळत नाही." मग ठरलेला प्रश्न यायचा, नाकपुड्या फुगवून. "हे आधी कोणी शिवलंय? कोण गाढव आहे तो?"

"तुम्हीच, मामा. दोन वर्षांपूर्वी."

"असं होय. तेव्हा चष्मा दुसरा होता."

मामांचे स्वतःचे बूट तपकिरी, स्वतःच बनवलेले. पाय बाहेर कललेले, त्यामुळे तळही बाहेरूनच झिजायचा. तो झिजला की मामा आतल्या अस्तराखाली, बाहेरच्या कडेला, चामड्याची एक पातळ पाचर सरकवून द्यायचे. पुन्हा झिजला, पुन्हा एक. गुडघा बाहेर ढकलायचा, बूट आत ढकलायचा, आणि या भांडणात मामा मधोमध उभे राहायचे. दोन वाकड्यांनी मिळून एक सरळ माणूस तयार केला, याचा त्यांना फार अभिमान. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. कारागिराची गुपितं असतात.

शेवटी उजवा गुडघा संपला. पायरी चढताना तो असा कुरकुरायचा की गिऱ्हाईक दार उघडलं समजून मागे वळून बघायचं. हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायचे ठरवले, आधी उजवा, तीन महिन्यांनी डावा. डॉक्टर बोलायचे घाईत, आणि प्रत्येक वाक्याला शेवटी एक टाका घालायचे.

"काका, गुडघा एकदम सरळ होणार, ओके? पण पाऊल इतकी वर्षं वाकड्या पायाखाली जगलंय, ओके? घोट्याने स्वतःला तसं वळवून घेतलंय. त्याला रुळायला वेळ द्यायचा. आणि साधे, सपाट तळाचे बूट, ओके?"

मामा तीनदा ओके म्हणाले आणि तिन्ही वेळा ऐकलं काहीच नाही. बाहेर आल्यावर मामींना म्हणाले, "बघितलंस? बूट कसे असावेत, हे मला हा सांगतोय!"

ऑपरेशन छान झालं. उजवा पाय दाराच्या चौकटीसारखा सरळ, डावा अजून जुन्या वळणाचा. आरशात बघून मामा म्हणाले, "अर्धी पाटी पुसावी लागणार." दुकान बंदच होतं. डावा गुडघा झाला की दोन महिन्यांत शटर वर, असं ठरलं होतं. नाही झाला, तर त्या तीन पायऱ्या आणि ते बसकं स्टूल या आयुष्यात पुन्हा जमणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, ते मामांचं मामांनाच ठाऊक होतं.

सहा आठवड्यांनी मामांनी काठी सोडली आणि कपाटातून तपकिरी बूट काढले.

आठवड्याभरात उजवा घोटा आतून ठणकायला लागला. पावलाची पोकळी दिवसभर चालून खाली बसायची, जुन्या गादीसारखी. मामांनी बूट उलटा केला, डोळे बारीक केले आणि गारठले. तळ आतून झिजायला लागला होता. आतून! एवढ्या वर्षांत या पायाने असा विश्वासघात कधी केला नव्हता. निकाल तिथल्या तिथे लागला, डॉक्टरने पाय गरजेपेक्षा जास्त फिरवून बसवलाय.

मग मामा तो बूट हातात धरून गल्लीभर हिंडले, पुरावा दाखवत. किल्लीवाल्याने हळहळ व्यक्त केली. शिंप्याने बूट नाकापासून लांब धरून मान डोलावली. इस्त्रीवालीचेही गुडघे गेलेले, पुढच्या महिन्यात तिचाच नंबर. तिने इस्त्री बाजूला ठेवली.

"मग मी नाही करत, मामा. माझं काय वाईट चाललंय?" असं म्हणून ती टेबलाला धरत धरत कपड्यांच्या गठ्ठ्याकडे गेली.

घरी येऊन मामांनी जाहीर केलं, "डावा करायचा नाही. अठरा तारीख रद्द, कळवून टाक त्यांना."

मामी रागावल्या की मामांशी बोलत नसत, घरातल्या वस्तूंशी बोलत. "ऐकलंस का रे फ्रिज? यांना नाही करायचा. मग दुकानाचं काय, विचार जरा."

फ्रिज गुरगुरला.

"आणि असंही विचार," मामी म्हणाल्या, "की नाही सांगायचं तर तोंडावर सांगायची हिंमत आहे का?"

अशा रीतीने फ्रिजच्या सल्ल्याने मामा दवाखान्यात पोहोचले, बूट पायात, आरोप तोंडात. आधी व्यायाम घेणारी ताई भेटली. तिला सगळंच छान वाटायचं. पाय वाकला छान, नाही वाकला तरी छान.

"काका, अनवाणी चालून दाखवा. छान! वळा. छान! आता बूट घालून."

मामा चालले. ताई काहीच म्हणाली नाही. तेव्हा मामांना पहिल्यांदा भीती वाटली.

तिने उजवा बूट मागून घेतला, आत हात घातला, अस्तर उचललं, आणि व्यायामाच्याच सुरात मोजायला लागली. "एक... दोन... तीन..." अकरापर्यंत गेली. टेबलावर चामड्याच्या पाचरींची रांग लागली.

"हे कोणी केलंय, काका? कोण आहे हा माणूस?"

मामांना तो सूर ओळखीचा वाटला. "आहे एक," ते म्हणाले. "आमच्याच गल्लीतला. हात बरा आहे तसा."

"हात बराच आहे," कोपऱ्यातून मामी म्हणाल्या. या वेळी थेट मामांकडे बघून. "अहो, वरच्या मजल्याचं बघा."

डॉक्टर आले, एक्स-रेचा फोटो लावला. "गुडघा अगदी जागेवर आहे, ओके? आधी पाय बाहेर कललेला, म्हणून पाऊल जमिनीवर टेकवायला टाच उलट्या बाजूला वळली. आता पाय सरळ झाला, पण टाच जुन्याच सवयीत. त्यात तुमच्या पाचरी तिला अजून त्याच बाजूला ढकलतायत. घोटा बिचारा ओरडणारच, ओके?"

"पाचरी काढल्या की जाईल?"

"बऱ्याच जणांचा घोटा काही महिन्यांत सैल पडतो. काहींचा इतक्या वर्षांनी थोडा ताठ राहतो. शंभर टक्के मी सांगणार नाही." डॉक्टर थांबले. ओके म्हणाले नाहीत. "डाव्याचं काय ठरलं?"

"बघतो," मामा म्हणाले. उजवा बूट रिकामा झाल्यामुळे आत पाय कुठे ठेवावा तेच त्यांना कळेना. पाहुण्यासारखा ठेवला.

घरी जायच्या वाटेवर मामा गल्लीच्या तोंडाशीच थांबले. आपण किती ठिकाणी बूट मिरवला ते आठवलं. मग किल्लीवाल्याकडे गेले, शिंप्याकडे गेले. दोघांनी सगळं ऐकून घेतलं आणि निघण्याआधी मामांना दोन-दोन वेळा चालून दाखवायला लावलं. इस्त्रीवालीकडे पोहोचेपर्यंत घोटा चांगलाच बोलत होता. मामी चार पावलं मागे, पिशवी घेऊन.

"डॉक्टरने पाय वाकडा लावला म्हणालो होतो ना," मामा म्हणाले, "ते रद्द. पाय त्याने सरळच लावलाय. बूट मी वाकडा केला होता."

इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. "पण मामा, तुम्ही अजून लंगडताय की."

"लंगडतोय ना. गुडघा डॉक्टरचा, लंगडणं माझं. हातशिलाई आहे, एवढ्यात उसवत नाही."

ती इतकी हसली की टेबल हललं. मग एकदम थांबून तिने विचारलं, "खरं सांगा, दुखतं का?"

मामांनी विनोद शोधला. सापडला नाही.

"घोटा दुखतो. सकाळी पहिली वीस पावलं जास्त. पण गुडघा... गुडघ्याला एवढ्या वर्षांत काही वाटलं नाही असा पहिला महिना हा. जिना चढताना मी जिन्याकडे बघतच नाही आता."

इस्त्रीवालीने हातातला शर्ट उगाच दोनदा झटकला. "आणि डावा?"

"अठरा तारखेला," मामा म्हणाले.

मागून मामींचा आवाज आला. "अहो, हे मला कधी सांगणार होतात?"

"मलाही आत्ताच कळलं."

मामी पुढे आल्या, पिशवीचं तोंड उघडून उभ्या राहिल्या. "मग तो पाचरींचा डावा बूट टाका यात. नंतर पुन्हा पायात चढवाल, तुमचा काही भरवसा नाही."

"अठरापर्यंत घालू दे गं," मामा डाव्या पायावर भार टाकत म्हणाले. "तोवर हा वाकडाच आहे."