माझ्या खिळ्यावरचा कंदील

साल २०१७. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि आमच्या वारज्याच्या इमारतीत मागच्या खोलीत ती बाई लेकीला घेऊन राहायला आली त्याला वर्ष उलटलं होतं. कुठलीही वस्तू समोर आली की ती आधी वीत टाकायची. खिडकी असो, पोरीचा फ्रॉक असो, नाहीतर करंजीची लाटलेली पारी. अंगठा आणि करंगळी ताणून माप घ्यायची आणि म्हणायची, "बसवू की आहे त्यात."

मला त्या वाक्याचा राग यायचा. मी मार्केट यार्डात उभा जन्म पोती उचलली. पाठीवर मावत नसेल तर उचलू नये, एवढंच आम्हाला ठाऊक. बसवाबसवी आम्ही कधी केली नाही.

ती लग्नपत्रिकांच्या छापखान्यात कागद कापायच्या कामाला होती. नवरा कुठं होता ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाकी इमारतीनं विचारून घेतलं.

तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापाशी काही नसतं आणि तरी सगळे त्याच्याच दारात असतात. तिचं तसं होतं. ती ख्रिस्ती, नगरकडची. पण दिवाळी आली की कामावरून आल्यावर घराघरात जाऊन करंज्या लाटायची, चकल्या पाडायची. पैसे घ्यायची नाही. निघताना एवढंच म्हणायची, "काकू, वाटीभर रवा द्या. नाताळला लागेल." कुणी रवा द्यायचं, कुणी साखर, कुणी सुकं खोबरं. डिसेंबरात त्याच सामानाचा तिचा फराळ व्हायचा, आणि ज्याची वाटी त्याच्या घरी ताट जायचं.

माझ्या पोटात दुखायचं, सरळच सांगतो. एके काळी या इमारतीत पहिलं ताट आमच्या घरून निघायचं. आमची ही गेली आणि ते थांबलं. मुलगा दिवाळीला दुकानातला खोका आणून देतो, चहा पितो आणि घड्याळ बघतो. मी वाटी कसली देणार? तरी पहिल्या नाताळला ती माझ्याही दारात ताट घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, "मला चालत नाही." तिला वाटलं, म्हातारा आपल्या हातचं खात नाही. वाटू दिलं. आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं, आणि माझ्या घरात त्यावर ठेवायला काही नव्हतं. हे काय दारात उभं राहून सांगायचं?

एका बाबतीत मात्र मी तिच्या वर होतो. माझी खोली रस्त्याकडची. माझ्या दारापुढच्या गॅलरीत वर एक खिळा आहे, तो मी स्वतः ठोकलेला. दर दिवाळीला बांबूच्या काड्या तासून मी त्यावर माझ्या हातचा कंदील लावतो. तो नाक्यावरून दिसतो.

त्या वर्षी तिनंही चांदणी केली, छापखान्यातल्या कातरणांची. सोनेरी कागद, लाल कागद, सगळं खळीनं चिकटवलेलं. एका टोकावर अर्धा गणपती आला होता आणि दुसऱ्यावर 'आपले नम्र'.

मी म्हटलं, "येशूच्या जन्माला गणपतीचं आमंत्रण दिसतंय."

ती म्हणाली, "बाबा, कातरणात जे आलं ते बसवलं." मग म्हणाली, "तुमची दिवाळी झाली ना? चार दिवस खिळा द्याल? आमची खिडकी नाल्यावर उघडते. मागच्या वर्षी चर्चची गाणारी मंडळी गल्लीत येऊन परत गेली. त्यांना घरच सापडलं नाही. पोरगी दारात बसून झोपली."

"माझा कंदील अजून उतरायचा आहे," मी म्हटलं.

खरं तर कंदील त्रिपुरी पौर्णिमेला उतरतो. पण मी इरेला पेटलो. डिसेंबर लागला, कागद विटला, तरी रोज दिवेलागणीला मी बटण दाबत होतो. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "यंदा दिवाळी होळीपर्यंत का हो?" मी म्हटलं, "बिल मी भरतो."

चांदणी मागं नाल्यावर लटकत राहिली.

नाताळच्या आदल्या दिवसाच्याही आदल्या संध्याकाळी माझ्या दारात ढोलकी वाजली. उघडून बघतो तर गॅलरीभर माणसं, पेटी, झांजा, आणि मध्ये पांढऱ्या केसांचे त्यांचे पाळक. गाणं सुरूही झालेलं. गव्हाणीतल्या बाळाचं गाणं, चाल आपल्या भजनाची. दिवाळी होऊन गेल्यावर ज्याच्या दारात कंदील पेटलेला, ते ख्रिस्ती घर. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता.

गाणाऱ्याला मध्येच थांबवू नये, म्हणून मी दार धरून ऐकत राहिलो. आणि खरं म्हणजे माझ्या दारात इतकी माणसं आमच्या हिला शेवटचं न्यायला आली होती, त्यानंतर कुणी आलं नव्हतं.

तेवढ्यात ती जिना चढून आली, कामावरची पिशवी खांद्याला. तिनं माझ्या दारातली मंडळी पाहिली. वर कंदील पाहिला. आवाज ऐकून पोरगी मागून धावत आली होती. ती म्हणाली, "आई, हे आपलं घर नाही."

मला वाटलं, आता बोलेल. बोलायचा तिला हक्क होता. तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, "बसवू आहे त्यात," आणि मागं जाऊन फराळाचं ताट घेऊन आली. सगळ्यांना माझ्याच खोलीत बसवलं. पाळकांनी विचारलं, "घरातलं वडीलधारं कोण?"

"हे. आमचे बाबा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी काही आशीर्वाद मागितला नव्हता. पण टोपी काढली. भिंतीवरून हिचा फोटो बघत होता.

जाताना पाळक म्हणाले, "उद्या आमची दुसरी टोळी याच रस्त्यानं जाईल. अजून कुणाचं घर आहे का इथं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "आहे, मागच्या बाजूला. पण दिसत नाही."

मंडळी गेली. पोरगीही गेली, तोंड पाडून. ताट माझ्याकडेच राहिलं. करंजीतलं खोबरं जरा जास्त भाजलं होतं, हिच्या हाताची सर नव्हती. तरी मी ताट संपवलं.

आता ती इथं राहत नाही. खडकवासल्याच्या बाजूला कुठं घर घेतलं म्हणे. तिच्या खोलीत कॉम्प्युटरवाली पोरं आली आहेत, जिन्यात भेटली तरी कानातले हेडफोन काढत नाहीत. काकू अजून विचारतात, "बाबा, तिची आठवण येते का?" मी म्हणतो, "माझा खिळा वाचला." पण काकूंना त्या गाण्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ ठाऊक नाही.

सकाळी मी ताट घासलं. स्टुलावर चढून कंदील उतरवला. त्यातला दिवा आणि वायर सोडवली, वायरीचं वेटोळं केलं, ताटात ठेवलं आणि मागच्या खोलीच्या दारावर थाप मारली. ती कामावर निघायच्या गडबडीत होती.

"ताट आणलंय," मी म्हटलं.

"बाबा, हे काय?"

"रिकामं देत नाहीत."

तिनं वायर हातात घेतली, सवयीनं वीत टाकली. मग नाल्यावरची चांदणी काढून आणली. गॅलरीत येऊन ती स्टुलावर पाय ठेवायला लागली, तेव्हा मी तिला बाजूला केलं. चांदणी मीच चढवली. खिळा माझा होता.