उजवा डबा

त्या रविवारी तुळशीदासचा राग चहाच्याही आधी उठला. कारण काय, तर सून सलोनीने टीव्हीचा आवाज कमी केला. विचारलंसुद्धा नाही. रिमोट उचलला, चार वेळा दाबला आणि ठेवून दिला.

"बाबा, पार रस्त्यापर्यंत ऐकू जातंय," ती म्हणाली.

"जाऊ दे! रस्ता तुझ्या माहेरचा आहे काय?"

स्वयंपाकघरातून त्याची बायको आशालता पदराला हात पुसत बाहेर आली. चाळीस वर्षं या माणसाचा राग पचवून तिला आता त्याची भीती उरली नव्हती. ती म्हणाली, "ओरडा हवं तेवढं. मंगळवारी चार वाजता कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. तुमच्या लेकाने, अनुजने, वेळ घेतलीय."

कानाचं नाव काढावं, आणि तेही तुळशीदासपुढे! वसईजवळ वालीवला स्पीकर बनवणाऱ्या एका कारखान्यात या माणसाने एकोणतीस वर्षं फक्त ऐकण्याचा पगार घेतला होता. टेबलावर तयार स्पीकर यायचा. तुळशीदास उजवा कान त्याच्याजवळ न्यायचा आणि मशीनचं बटण फिरवायचा. जाड घुमणाऱ्या आवाजापासून सुरुवात, मग चढत चढत पार बारीक शिट्टीपर्यंत. मध्ये कुठे खरखर आली, कुठे आवाज दबला, की स्पीकर बाजूला. दिवसाला तीनशे-चारशे. पुढे मोजमापाची यंत्रं आली, तरी शेवटचा शब्द तुळशीदासचाच. कारखान्यात त्याचं नावच 'कान' पडलं होतं. "कानाकडे ने," "कानाला विचार," असं सगळे म्हणायचे. कारखाना बंद पडला, त्या शेडमध्ये आता प्लास्टिकच्या बादल्या बनतात, पण होळी गावातल्या आपल्या वाडीत केळींना पाणी सोडणारा तुळशीदास अजून स्वतःला तोच समजत होता.

आणि का समजू नये? त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं आज दुकानं टाकून बसली होती. त्याचा नियम त्यांना पाठ होता. आवाजात दोष दिसला की आधी डाव्या-उजव्या स्पीकरचे डबे आपसात बदल, मग वायर बदल. दोष डब्याबरोबर सरकला तर डबा चोर, वायरीबरोबर सरकला तर वायर चोर. चोर सापडेपर्यंत कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत. हा शेवटचा भाग तो स्वतः कधीच पाळत नसे. भुईगावचा फ्लॉईड नवीन लागला तेव्हा कानात कापूस घालून टेबलावर बसला होता. तुळशीदासने सगळ्यांसमोर दोन बोटांनी तो बोळा उपसून फेकला होता. "कापूस घालून कान कमावता येत नाही!" हे वाक्य तो अजून लग्नाच्या पंगतीत सांगायचा.

अलीकडे मात्र काहीतरी बिनसलं होतं, आणि ते त्याच्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं. परवा तर त्याने चारचौघांत जाहीर केलं की गावातले डास कमी झाले, कानाशी गुणगुण म्हणून येत नाही. बावखलाच्या, गावतळ्याच्या, काठावर राहणारा माणूस असं म्हणाला, म्हणून लोक हसले. हसण्यासारखं काय आहे ते तुळशीदासला कळलं नाही, आणि त्याचाही त्याला राग आला.

"मला डॉक्टर नको," तो आता म्हणाला. "आज फ्लॉईड स्पीकरच्या दोन जोड्या घेऊन येतोय ना? मी डोळे मिटून बसतो. कुठली चांगली, का चांगली, दोष कुठे आहे, सगळं सांगतो. सांगितलं तर या घरात पुन्हा कानाचं नाव निघणार नाही. नाही सांगता आलं तर मंगळवारी मुकाट रिक्षात बसतो."

"शब्द?" आशालताने विचारलं.

"शब्द!"

जोड्यांचं प्रकरण महिनाभर चाललं होतं. निवांत बसून भजनं ऐकावीत म्हणून कपाटावर मावतील असे दोन छोटे स्पीकर घ्यायचे, एवढंच तुळशीदासच्या मनात होतं. अनुजने त्यावर पन्नास व्हिडिओ पाहिले. बजेटमध्ये बसणाऱ्या दोनच जोड्या राहिल्या, एक काळी आणि एक लाकडी. अनुज काळीच्या बाजूने होता, कारण व्हिडिओतला पोरगा तसं म्हणाला होता. ज्याने जन्मात एक स्पीकर चिकटवला नाही तो मांडी घालून सांगतो, बेस टाइट आहे! तुळशीदासला त्या पोराला फोनमधून ओढून बाहेर काढावंसं वाटायचं.

दहाच्या सुमारास फ्लॉईड आला. वय पन्नाशीपार, लग्नाच्या आणि सणाच्या कार्यक्रमांना साउंड पुरवणारा, वसईत छोटं दुकान. त्याने खोकी ओटीवर ठेवली. "भाऊ, कुठली आधी लावू?"

"कुठलीही लाव. मला सांगू नकोस."

फ्लॉईडने ऐकताना नेहमीप्रमाणे तोंड थोडं बाजूला वळवलं. ही त्याची खोड तुळशीदासला फार खटकायची. चार पैसे आले की माणूस बोलणाऱ्याकडे सरळ बघतसुद्धा नाही, असं त्याचं मत झालं होतं.

दोन स्टुलांवर दोन डबे, समोर मधोमध खुर्ची. लावायला बाईमाणसांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग होतं. गेल्या गणपतीत फ्लॉईडनेच ते देवळात केलं होतं. आशालता त्यात झांज वाजवत होती. तुळशीदासने डोळे मिटले. मिनिटभर झालं असेल नसेल, त्याने हात वर केला.

"बंद कर. उजवा डबा मेलाय. झांज सगळी डावीकडे. उजवीकडे कुणी गोधडी टाकल्यासारखं वाटतंय."

त्याने डोळे उघडून आशालताकडे विजयी नजरेने पाहिलं.

"बाबा, मला तर दोन्हीकडून येतेय झांज," अनुज म्हणाला.

"तू व्हिडिओ बघ!"

फ्लॉईडने दुसरी जोडी लावली. तुळशीदासने पुन्हा डोळे मिटले. या वेळी मिनिटही लागलं नाही.

"हाही उजवा मेलेला!" तो खुर्चीतून उठलाच. "दोन जोड्या आणल्यास आणि दोन्ही सडक्या? दुकानात लावून बघता येत नाही? हे शिकवलं मी तुला? रोज लग्नात भोंगे वाजवून तुझा कान गेलाय, फ्लॉईड! पार गेलाय!"

फ्लॉईडचा चेहरा लाल झाला. त्याने वाकून डबे उचलले, उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे ठेवला. "बसा, भाऊ. ऐका."

तुळशीदास फणफणत बसला. झांज डावीकडे. उजवीकडे गोधडी.

"वायर," तो म्हणाला.

फ्लॉईडने वायरी बदलल्या. झांज डावीकडेच.

आशालताने दाराची चौकट धरली होती. पैज ती जिंकत होती, पण तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं. फ्लॉईडने गाणं थांबवलं आणि वायर गुंडाळायला घेतली. मान खाली घालून तो म्हणाला, "माझीच चूक झाली, भाऊ. उजवे डबे खराब निघाले. पुढच्या रविवारी दुसरे आनतो."

बाहेर पडायला दार उघडं होतं. तुळशीदासने नुसतं हो म्हणायचं, फ्लॉईडला आणखी चार शब्द सुनवायचे, आणि मंगळवार टळला असता. क्षणभर त्याने तोंड उघडलंही. पण एकोणतीस वर्षांचं काम आडवं आलं.

"खराब डबा आता डावीकडे ठेवलायस तू," तो कडाडला. "मग उजवीकडे चांगला वाजायला हवा ना? मला येडा समजतोस? माझाच नियम मला खोटा सांगतोस? लाव ती वायर!"

"भाऊ, राहू द्या."

"लाव म्हणतो ना!"

फ्लॉईडने वायर लावली. तुळशीदासने दोन्ही हातांनी खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून, स्पीकरांकडे पाठ करून बसला. भजन सुरू झालं. आत्ताच उजवीकडे मेलेला वाटलेला डबा आता त्याच्या डाव्या कानाशी आला होता आणि त्यातून आशालताची झांज लख्ख वाजत होती. आत्ताच डावीकडे वाजलेला डबा उजव्या बाजूला आला होता. तिथे गोधडी होती. डबे बदलले, वायरी बदलल्या, खुर्ची फिरवली. चोर त्याच्याबरोबर फिरला होता.

तो भिंतीकडे बघत बसून राहिला. भजन संपलं.

"तुला ठाऊक होतं," शेवटी तो म्हणाला. "कधीपासून?"

"माझा गेला तेव्हापासून." फ्लॉईडचा आवाज आता मऊ नव्हता. "उजवाच. बारा वर्षं झाली. सगळे उजवा कान लावून बसायचो ना आपन? तुमच्यासारखं. बायको माझी, क्लेमेंटीन, त्या बाजूने हाक मारते तर मला कळत नाय. आनि तुम्ही मला सांगता, कान गेलाय!"

"मग बोलला का नाहीस?"

"कोनाला? तुम्हाला? कानाला?"

तुळशीदासच्या डोक्यात राग भणभणत होता, आणि तो कुणावर तरी काढायलाच हवा होता. मालकावर काढावा, तर मालकाने कापूस घालू नका असं कधी म्हटलं नव्हतं. मशीनवर काढावा, तर बटण फिरवणारा हात त्याचा होता. तो बोळा उपसणारी दोन बोटंही त्याचीच होती. वर पंगतीत सांगून त्याने हशा मिळवला होता.

"आशा," तो न वळताच म्हणाला, "कुठली जोडी चांगली?"

"लाकडी. तिच्यात बायकांचे गळे वेगवेगळे कळतात," आशालता म्हणाली.

"मग लाकडी ठेव. आणि मंगळवारी किती वाजता म्हणालीस?"

"चार."

त्याने खुर्ची वळवली. फ्लॉईड खाली बसून काळी जोडी खोक्यात भरत होता, थर्माकोल नीट बसेना म्हणून जोर लावत होता. तुळशीदास त्याच्याकडे बघत खालच्या आवाजात म्हणाला, "तो कापूस मी काढायला नको होता, फ्लॉईड. शिव्या घाल मला. माझ्या पोरासमोर घाल."

फ्लॉईडचं काम चालूच होतं. मग कुणीतरी काही बोललं असं वाटून त्याने वर पाहिलं आणि तोंड बाजूला वळवून डावा कान पुढे केला.

"काय म्हनालात, भाऊ?"

हे एकदा बोलायलाच तुळशीदासला आयुष्याची सहासष्ट वर्षं लागली होती. तो उठला, फ्लॉईडच्या डाव्या बाजूला जाऊन जमिनीवर बसला आणि पहिल्यापासून, मोठ्याने, बोलायला लागला.