गुरुवारची चूक

गुरुवारी बाई हौसेने कडक इस्त्रीचे कपडे घालायच्या. नवरा विचारायचा, "शाळेत निघालीस की माहेरी?"

कारण गुरुवारी कॉलेजातल्या ताई यायच्या. कॉलेज आणि हायस्कूलने हात मिळवून ही सोय केली होती: कॉलेजातली एक प्राध्यापिका आणि शाळेतली विज्ञानाची शिक्षिका, दोघींनी मिळून दहावीचा तास घ्यायचा. या दोघींनी त्यात आपला खेळ घुसवला. बाईंनी फळ्यावर मुद्दाम चूक करायची आणि शेवटच्या बाकामागच्या खुर्चीवरून ताईंनी खेकसायचं, "अहो बाई, काहीतरीच काय!" मग अशी जुंपायची की वर्ग पोट धरून हसायचा. शेवटी भांडण मिटवायला मुलंच प्रयोग मांडायची.

यंदा कॉलेजने ताईंना दुसरी शाळा दिली. इथे खुर्ची तेवढी राहिली.

या गुरुवारी बाईंनी सवयीने लिहिलं, 'दिवे समांतर जोडले की एकूण रोध वाढतो.' खडू ठेवला आणि कानात प्राण आणून थांबल्या. मागून नुसती पेनांची कुरकुर. घंटा झाली. चूक सगळ्या वह्यांत मुक्कामाला गेली!

संध्याकाळी त्यांनी फोन लावला.

"ताई, आज चूक केली आणि तुमची वाट बघत उभी राहिले."

"आणि मी इकडे बाह्या सरसावून बसले होते. पण इथले सर चुकतच नाहीत गं! मी आपली चहा प्यायले, घरी आले."

दोघी हसल्या. हसू लवकर आटपलं.

"पुढच्या वर्षी याल?"

"कॉलेज पाठवेल तिकडे जायचं. माझ्या हातात काय आहे?"

"मग उद्या पोरांना सांगू काय?"

"काही सांगू नकोस. दिवे जोड. ओरडेल कुणीतरी."

शुक्रवारी बाईंनी तेच वाक्य पुन्हा लिहिलं. पेटलेल्या दिव्याला दुसरा समांतर जोडला. प्रवाह दाखवणारा काटा पुढे सरकला. वर्ग गप्प. बाईही हट्टाने गप्प.

"अहो बाई, काहीतरीच काय! रोध वाढला, तर प्रवाह कमी नको व्हायला?"

बाई गर्रकन वळल्या. नजर आधी रिकाम्या खुर्चीकडेच धावली. मग मधल्या बाकापाशी उभी राहिलेली मुलगी दिसली, स्वतःच्याच आवाजाला घाबरलेली.

"ये पुढे," बाईंनी खडू तिच्यापुढे धरला, "भांड माझ्याशी."

ती तावातावाने भांडली. बाई रंगात आल्या, हरल्याही. मधूनमधून मान मात्र मागे वळतच होती.