धोंड्याच्या महिन्यातला सिनेमा

लोकांना जे सिनेमे डोक्यावर घ्यावेसे वाटतात, ते मला बहुतेक आवडत नाहीत. आज हे सरळ लिहिता येतंय, पण कालपरवापर्यंत एवढं एक वाक्य मी ताईशिवाय कोणाजवळ बोलले नव्हते.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती आमच्या गावातल्या, जवळा बाजारच्या मराठी शाळेत शिकली. माझी वेळ आली तेव्हा वसमतच्या इंग्रजी शाळेची बस आमच्या गावापर्यंत येऊ लागली होती, म्हणून बाबांनी मला त्या बसमध्ये बसवलं. बाबांचं फर्निचरचं छोटं दुकान आहे. रविवारी दुपारी ते बंद असायचं आणि आमच्या बैठकीत टीव्हीवर पिक्चर लागायचा. शेजारच्या बायका, त्यांची लेकरं, सगळे यायचे. ताई आणि मी मागे, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून. नायकाने हवेत उडवलेली माणसं, नायिकेच्या मागे मागे फिरणं, यावर मी तिच्या कानात काहीतरी बोलायचे आणि ती ओढणी तोंडावर धरून हसायची. बाकी सगळे टाळ्या वाजवत असताना आपल्यासारखं एक माणूस घरात आहे, हे मला पुरेसं होतं.

मग तिचं लग्न झालं. दाजी हिंगोलीचे, हळदीची आडत आहे त्यांची. फोनवर ताई आईशी बोलायची, शेवटी मला म्हणायची, "जेवलीस का?" मी "हो" म्हणायचे. संपलं.

लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला. आमच्याकडे या महिन्यात लेक-जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण करतात. पुरण भरलेले धोंडे, अनारसे, नवे कपडे. जावई असेल तेवढे दिवस त्याचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. आईने मला आधीच बजावलं होतं, "ते म्हणतील त्याला व्हय म्हणायचं. तोंड पाडून बसू नको."

आल्या आल्या दाजींनी जाहीर केलं, "उद्या सगळे नांदेडला. पिक्चर बघायला."

कोणता, ते विचारायची गरजच नव्हती. रिक्षात त्याचीच गाणी, कॉलेजात त्याचेच डायलॉग. माझ्या वर्गातल्या मुली तो दोनदा बघून आल्या होत्या. मला जायचं नव्हतं, पण थिएटरमध्ये ताईच्या शेजारची खुर्ची मिळाली आणि मी खूश झाले. मला एकच बघायचं होतं, ताई अजून माझ्या बाजूची आहे की नाही.

नायिका डॉक्टर होती. स्टेथोस्कोप तिच्या हातात एकदाच दिसला, तोही नायकाच्या छातीवर. मी ताईकडे वळले. आता ती हसेल असं वाटलं. ती पडद्याकडे बघत होती, तोंड किंचित उघडं. मारामारीला तिने टाळ्या वाजवल्या. शेवटी तर ती रडली. पलीकडून दाजींनी रुमाल दिला आणि तिने तो घेतला. मी दारावरच्या ‘एक्झिट’च्या लाल अक्षरांकडे बघत बसले.

परतताना गाडीत सगळे एकदम बोलत होते. दाजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम काहीच बोलून न्हाई राहिल्या. कसा वाटला पिक्चर?"

मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "तिला तर लई आवडला. ती अशीच गप ऱ्हाती."

माझी उत्तरं आईच देते. दवाखान्यात, पाहुण्यांत, दुकानात. मला गप्प राहायला ते बरंच पडतं. पण त्या वेळी मी ताईकडे बघितलं. तिला तरी खरं माहीत होतं. ती समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

सकाळी आई पूजेला बसली आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उरलो. ती पुरणाचे गोळे करत होती, मी पारी लाटत होते.

"काल खोटं काहून रडलीस?" मी विचारलं. मला इतकं टोचून बोलायचं नव्हतं.

"खोटं?"

"दाजी शेजारी होते म्हणून."

तिने हातातला गोळा ताटात ठेवला. "मला आवडला तो पिक्चर. खरंच आवडला."

"पण आपल्याला तर असले पिक्चर..."

"आपल्याला न्हाई. तुला. तू हसायचीस, मी तुझ्यासंगं हसायचे. तू इंग्रजी शाळेतली. मला वाटायचं, हिला कळत असंल काहीतरी, आपणच येडे. रडू आलं की मी पाणी प्यायला उठायचे, तुला दिसू नये म्हणून."

मी लाटणं थांबवलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत वेगळ्या आम्ही दोघी आहोत, असं मी इतकी वर्षं समजत होते. माझ्या शेजारी बसून ती एकटी पडली होती, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. लोक म्हणतात, ही बोलत नाही पण हिचं लक्ष सगळीकडे असतं.

"शेवटी त्या हिरोइनीचा बाप तिच्या सासरी येतो," ताई म्हणाली. "सगळे नुसते बघत उभे ऱ्हातात, अन् हिरो स्वतः आत जाऊन त्याच्यासाठी खुर्ची आणतो. बघितलंस का तू ते?"

नव्हतं बघितलं. तेव्हा मी लाल अक्षरं बघत होते.

"तुला न्हाई आवडला तर न्हाई आवडला," ती म्हणाली. "पण मग भांड ना माझ्यासंगं. कधी भांडलीसच न्हाई."

दुपारी दाजी पाटावर बसले, पंगतीला बाबा आणि आम्ही दोघी. समोर रांगोळी, ताटात धोंडे. आई तूप वाढत होती.

"मामी, जायच्या आधी मॅडमसाठी त्याच हिरोचा जुना पिक्चर लावू का टीव्हीवर? त्यांना आवडला ना कालचा."

"लावा की, तिला तर..."

"आई," ताई म्हणाली, "तिला बोलू दे."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मला नाही आवडला," मी म्हणाले.

आईचा हात तुपाच्या वाटीसकट थांबला. "जावईबापू, तिच्याकडं ध्यान देऊ नका, लेकरू हाय..."

"थांबा मामी." हळदीच्या लिलावात कोणी चांगला भाव नाकारला की माणूस जसा बघेल, तसे दाजी माझ्याकडे बघत होते. राग नव्हता. "काहून न्हाई आवडला?"

"ती डॉक्टर आहे ना? मग एकही पेशंट का तपासत नाही?"

"मी काय दवाखाना बघाया गेलतो?"

बाबा हसले. ताई लगेच म्हणाली, "अन् तिच्या बापाला खुर्ची दिली ते?"

"त्याच बापाचं दुकान त्यानं आधी फोडलं होतं."

"मग माफी मागितली की."

"कुठं मागितली? गाणं म्हटलं."

दाजींना तोंडात घास असताना हसू आलं, पाणी प्यावं लागलं. "हे मात्र बराबर बोलल्या."

"तुमी तिच्या बाजूनं झालात व्हय?" ताई त्यांच्यावर उलटली.

"खुर्ची सागाची नव्हती," बाबा मध्येच म्हणाले. "नुसतं पॉलिश."

"अन्न थंड होऊन राहिलं," आई म्हणत होती, पण तिचं कोणी ऐकत नव्हतं. ताईने मला चांगलंच झापलं. मला सगळ्यांत खोट दिसते, दुसऱ्याला आनंदात बघवत नाही, असंही म्हणाली. मी उत्तरं देत होते. मला माझा आवाज मोठा वाटत होता. हात वाळले तरी आम्ही उठलो नव्हतो. माझं मत बदललं नाही. तो सिनेमा मला अजूनही वाईट वाटतो. तिचंही बदललं नाही.

काही दिवसांनी ताईचा फोन आला. आईने सवयीने बोलायला सुरुवात केली, मग जरा नवलाने फोन माझ्यापुढे धरला. "तुलाच मागून राहिली."

"नवा पिक्चर लागलाय," ताई म्हणाली. "हे आडतीवर असतात, आपण दोघीच जाऊ. तुला आवडायचा न्हाई, आधीच सांगते."

"कितीचा शो आहे?" मी विचारलं.