ढोलीचा बोळा

सत्तरच्या दशकात आमच्याकडे घराची पत जमिनीवरून ठरत नसे. जमीन तोंडाने वाढवून सांगता येते. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे ढोल्या मोजत. ढोली म्हणजे शेणमातीने लिंपलेली, पुरुषभर उंच बांबूची कणगी. वर्षाचं धान तिच्यात राही. खाली धान काढायला एक भोक आणि त्यात चिंध्यांचा बोळा.

मामेभावासाठी मुलगी पाहायला आम्ही सानगडीजवळच्या एका गावी गेलो. त्या वर्षी तिथला तलाव अर्धाच भरला होता. तरी माजघरात दोन ढोल्या होत्या आणि दोन्हींच्या तोंडाशी धान दिसत होतं. मी तेव्हा भंडाऱ्याला एका वर्तमानपत्रात उमेदवारी करत होतो. मामा हळूच म्हणाला, "तू पेपरवाला. पाण्याच्या निमित्तानं आत जा अन् बोळा काढून पाहून ये."

पहिल्या ढोलीतून धान आलं. दुसरीतून कोंडा. मागे वळलो तर मुलगी तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने तांब्या ठेवला, बोळा परत बसवला, सांडलेला कोंडा हाताने गोळा केला.

"तुमी नाही म्हणा, चालते," ती म्हणाली. "पण तुमाले समजलं, हे बाबाले समजू देऊ नका."

मी मान हलवली. ओसरीवर तिचे वडील मामाला सांगत होते, "आमच्या घरचे उंदीरबी पाहून घ्या. खाऊन खाऊन मांजरीलेच भेववून राहिले." सगळे हसले. मीही हसलो.

परतताना मामाने विचारलं. एका ढोलीत धान, एका ढोलीत कोंडा, असं मी सांगितलं. मुलीने काय मागितलं होतं ते सांगितलं नाही. ते मला कोणी विचारलं नव्हतं.

मामाने मध्यस्थाकरवी नकार कळवला, कारणासकट. पुढच्या बाजाराच्या दिवशी लोक मुलीच्या वडिलांना विचारू लागले, "काका, कोंड्याचा भाव काय चालू हाय?" त्यानंतर दोन वर्षं त्या घरी कोणी पाहुणा आला नाही. मग मुलगी पवनीकडच्या एका बिजवराला दिली. त्याला आधीची दोन मुलं होती. मामाने ही हकिकत आपला अंदाज खरा ठरल्यासारखी सांगितली.

ऐंशीनंतर त्याच गावच्या तलावाची पाळ फुटली. बातमीसाठी गेलो होतो. पाणी मागायला एका घरात शिरलो आणि ढोल्या पाहिल्यावर घर ओळखलं. म्हातारे वडील एकटेच होते. मी पाणी मागितलं. त्यांनी मला माजघरात नेलं, खाली बसून एकेक बोळा उपसला.

"पाहून घ्या, साहेब. दोन्हीतलं पाहून घ्या."

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. तलाठी येवो की लस टोचणारा, आधी बोळा, मग पाणी, असं शेजाऱ्याने नंतर सांगितलं.

मी दोन्ही ढोल्यांखाली हात धरला. दोन्हींत धान होतं.